बाबांच्या फुफ्फुसात ८ मिमीची गाठ : कॅन्सरची आहे की नाही, हे आधी कसं ओळखतात?

विणकरगल्ली_शहापूर

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथं फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक फेटलिंग आणि शेकआउटवर, म्हणजे ओतलेल्या भागांवरची वाळू झाडायची आणि कडा घासायच्या. विडी ओढायचे, १२ वर्षांपूर्वी सोडली. गेल्या महिन्यात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ गाडी घसरली. बरगडीला मार लागला म्हणून सीटी काढला. बरगडी धड आहे, पण रिपोर्टात भलतंच निघालं. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ८ मिलिमीटरची एकच भरीव गाठ. कडा गुळगुळीत, आत चुना साठलेला नाही. पुढं काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. काका म्हणतात, आजच्या आज मुंबईला टाटाला न्या. शेजारचे म्हणतात, फाउंड्रीवाल्यांना टीबीच असतो, गोळ्या सुरू करून टाका. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत "सहा महिन्यांनी बघू" म्हणून पाठवलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

काल रात्री नेटवर दोन कॅल्क्युलेटर सापडले. वय, विडी, गाठीचा आकार, जागा, कडा, सगळं भरलं. ब्रॉक नावाच्या कॅल्क्युलेटरनं साधारण साडेतीन टक्के सांगितलं. मेयोच्या कॅल्क्युलेटरनं पंधरा. माणूस तोच, गाठ तीच! यातलं खरं कुठलं धरायचं? बाबा विचारतात, "काय आलं गं?" आणि मला सांगता येईना.

अनगोळकर

ताई, आधी एक घोट पाणी प्या. माझ्या भावाच्या फुफ्फुसातही अशीच गाठ निघाली होती, जुन्या टीबीचा डाग निघाला. तुमच्या बाबांचंही तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण गाठ म्हणजे कॅन्सरच असं डोक्यात घेऊन बसू नका. इथं एक डॉक्टर बाई लिहितात, त्या बघतीलच.

क्षकिरण

ताई, मी रेडिओलॉजिस्ट. माहेर चिकोडी, आता मिरजेत असते. फिल्म हातात न घेता निदान सांगणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं आणि ते नीट द्यायला हवं.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोल डागाला आम्ही नोड्यूल म्हणतो. तुमच्या बाबांची ८ मिमीची, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आकार हा पहिला धागा. हॉलंड-बेल्जियममध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्यांवर नेल्सन नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ५ मिमीच्या आतली गाठ असलेल्यांत दोन वर्षांत कॅन्सर निघाला ०.४ टक्के लोकांना, ५ ते १० मिमीच्या गटात १.३ टक्के, आणि १० मिमीच्या पुढं थेट १५.२ टक्के. हरभऱ्यापासून पुढं धोका कसा झपाट्यानं चढतो बघा.

दुसरा धागा कडांचा. सूर्याच्या चित्राला काढतात तसे किरण फुटलेले असतील तर काळजी वाढते. गुळगुळीत कड बरी. तिसरा धागा आतल्या चुन्याचा. मधोमध किंवा पूर्ण गाठभर चुना साठला असेल, किंवा लाह्या फुटल्यासारखा दिसत असेल, तर ती गाठ बहुधा निरुपद्रवी. आणि चौथा जागेचा. कॅन्सर वरच्या भागात जास्त होतो. अडचण अशी की टीबीलाही तीच जागा आवडते.

आता तुमचे दोन आकडे. दोन्ही बरोबर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या गर्दीतून आलेत. मेयोचा हिशेब १९९७ मध्ये छापून आला, पण त्यातले पेशंट १९८४ ते १९८६ मधले. तेव्हा गाठ साध्या एक्स-रेवर दिसली तरच कळायची, म्हणजे मुळात ठळक गाठीच त्यात आल्या. ६२९ जणांपैकी २३ टक्क्यांना कॅन्सर होता. ब्रॉकचा हिशेब २०१३ चा, कॅनडातला. तिथं लक्षणं नसलेल्या, पण विडी-सिगारेटची सवय असलेल्या लोकांचे सीटी काढले. सीटीला बारीकसारीक सगळंच दिसतं. १८७१ लोकांत ७००८ गाठी सापडल्या आणि त्यातल्या कॅन्सरच्या निघाल्या १०२. ज्या गर्दीत चौघांतल्या जवळजवळ एकाला कॅन्सर आहे तिच्यावर बसवलेला हिशेब तुमच्या बाबांनाही जास्त आकडा देणार, हे उघड आहे. तुमच्या बाबांची गाठ सीटीत योगायोगानं दिसली, म्हणून मी ब्रॉकच्या बाजूला झुकेन. ब्रिटनमधले छातीचे डॉक्टरही ८ मिमीपासून ब्रॉक लावतात आणि १० टक्क्यांच्या खाली आलं तर पुन्हा सीटी काढून लक्ष ठेवतात.

पण ताई, मला खरी टोचणी वेगळीच आहे. या दोन्हींपैकी एकाही कॅल्क्युलेटरनं तुम्हाला "बाबा काम काय करायचे?" असं विचारलं का? नाही ना? फाउंड्रीच्या वाळूतली सिलिकाची धूळ कॅन्सरला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९७ मध्येच नोंदवलंय. तीच धूळ फुफ्फुसात कॅन्सर नसलेल्या गाठीही करते. आणि तीच धूळ टीबीलाही दार उघडून देते. कॅनडातल्या त्या १८७१ लोकांच्या छातीत उद्यमबागेची धूळ नव्हती, आपल्याकडचा टीबीही नव्हता. त्यामुळं साडेतीन असो की पंधरा, आपल्या भागातल्या माणसाला तो आकडा ढोबळ दिशा दाखवतो, तेवढंच.

इथं सगळ्यांत भरवशाची साक्ष कुठली, सांगू? काळाची. म्हणून एकच विचारते. बाबांना कोरोना झाला होता का? २०२०-२१ मध्ये छातीचा एचआरसीटी काढला होता का? त्याआधीचा साधा फोटो तरी? असेल तिथून शोधून काढा. ही गाठ तेव्हाही होती का, केवढी होती, हे कळलं तर दोन्ही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवता येतील.

निपाणकर

डॉक्टर बाई, गोळ्यांबद्दल माझंही ऐका. शहापूरच्या ताईंसाठी लिहितोय.

आमची आत्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. आयुष्यात विडी ओढली नाही, मशेरी तेवढी लावायची. तीन महिने खोकला गेला नाही म्हणून सीटी काढला. ११ मिमीची गाठ, कडेला काट्यांसारख्या रेघा. दाखवलं त्या डॉक्टरांनी थुंकी तपासली नाही की काही नाही, "तंबाखूच्या धुळीत काम, टीबीच आहे" म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सुरू केला. आत्यानं एक दिवस चुकवला नाही. उलट्या व्हायच्या, लघवी लाल व्हायची, तरी गोळी घ्यायची. कोर्स संपल्यावर पुन्हा सीटी काढला, गाठ १६ मिमी. तरीही सांगितलं, "पाचच मिलिमीटर वाढलीय, घाबरू नका."

आम्ही घाबरलो आणि कोल्हापूरला गेलो. सुई घालून तुकडा काढला, कॅन्सर निघाला. फुफ्फुसाचा एक भाग काढला. आत्या आज आहे, चार वर्षं झाली, पाडव्याला पुरणपोळी करून खायला घालते. पण ते सहा महिने मला अजून आठवतात. ताई, टीबी आहे याचा पुरावा बघितल्याशिवाय अंदाजानं गोळ्या सुरू करू देऊ नका.

गणितवेडा_अथणी

निपाणकर, "पाचच मिलिमीटर" हे वाक्य वाचून अंगावर काटा आला. यातलं गणित प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे, म्हणून सोपं करून सांगतो.

गाठ लाडवासारखी असते. रिपोर्टात लिहितात तो व्यास, पण वाढतो तो आतला माल. माल काढायचा तर व्यास तीनदा गुणायचा. ८ गुणिले ८ गुणिले ८ म्हणजे ५१२. १० चं तसंच केलं तर १०००. म्हणजे ८ ची गाठ १० झाली, दोनच मिलिमीटर वाढली, तरी माल जवळजवळ दुप्पट झाला! तुमच्या आत्याची ११ ची १६ झाली. ११ चं १३३१ येतं, १६ चं ४०९६. सहा महिन्यांत तिपटीहून जास्त. म्हणजे दर पावणेचार महिन्यांना दुप्पट.

क्षकिरण

अगदी बरोबर. भरीव कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा महिनाभर ते ४०० दिवस यादरम्यान दुप्पट होते. आठ-पंधरा दिवसांतच दुप्पट झाली तर आम्ही आधी न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गाचा विचार करतो. भरीव गाठ दोन वर्षं तशीच राहिली तर ती कॅन्सरची नाही असं धरायला हरकत नसते. आत्याची गाठ या पट्ट्यात नेमकी बसत होती आणि कडाही काटेरी होत्या. निपाणकर, तुमचा राग रास्त आहे.

उलट बाजूही सांगते. मोजताना एक-दीड मिलिमीटरचा फरक माणसामाणसात पडतो, मशीन बदललं तरी पडतो. म्हणून ७ ची ८ झाली एवढ्यावर मी वाढली म्हणत नाही. दोन्ही सीटी शेजारी लावून, एकाच माणसानं, एकाच पद्धतीनं, लांबी-रुंदीची सरासरी काढून मोजावं लागतं. नुसते रिपोर्ट ताडून भागत नाही, फिल्म किंवा सीडीच लागते.

टीबीबद्दल, सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट तपासणी फुकट होते, ती जरूर करून घ्या. पण एवढ्याशा गाठीत जंतू असले तरी थुंकीत येतीलच असं नाही. म्हणजे तपासणीत टीबी आला तर उपयोग झाला, नाही आला तर प्रश्न तसाच राहतो.

खानापूरची_माई

मी एक विचारू का? आमच्याकडं जंगलातल्या गावांत बायका जन्मभर चुलीपुढं. माझ्या जावेच्या रिपोर्टात गाठीचं वर्णन "धुरकट काचेसारखी" असं आहे. तिनं विडी हातात धरली नाही. हे काय असतं?

क्षकिरण

माई, थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरते आणि पलीकडचं झाड पुसट दिसतं, तसा डाग. त्यातून मागच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. काही वेळा तो नुसता जंतुसंसर्ग असतो आणि तीन महिन्यांत विरून जातो. विरला नाही तर मात्र त्याला विसरायचं नाही. विडी न ओढणाऱ्या बायकांत दिसणारा एक कॅन्सर असाच सुरू होतो आणि फार सावकाश वाढतो. म्हणून अशा डागाला दोन वर्षांचा नियम पुरत नाही, पाच वर्षं लक्ष ठेवतात. त्यांचा रिपोर्ट केव्हाचा आहे ते कळवा.

अनगोळकर

एक शंका. एवढी यातायात करण्यापेक्षा पेट स्कॅन करून मोकळं का होऊ नये? आणि हल्ली एआय म्हणे फोटो बघून सांगतं.

क्षकिरण

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं औषध देतात. ज्या पेशी भुकेल्या त्या ते जास्त ओढतात आणि उजळतात. कॅन्सर भुकेला असतो. पण टीबीही भुकेला असतो, सिलिकाच्या धुळीनं सुजलेल्या गाठीही उजळतात. आपल्या भागात पेट उजळला म्हणून कॅन्सर ठरत नाही. आणि ८ मिमीच्या आसपास तर मशीनलाच नीट दिसत नाही, त्यामुळं उजळला नाही म्हणून सुटलो असंही नाही. खर्च मोठा आणि उत्तर अर्धवट.

सुईनं तुकडा काढल्यावर कॅन्सर पसरतो असं लोक म्हणतात, तसं होणं अत्यंत विरळ. खरा धोका फुफ्फुसातून हवा गळण्याचा. शंभरात पंधरा ते पंचवीस जणांना तो त्रास होतो, बहुतेकांचा आपोआप बरा होतो, काहींना नळी घालावी लागते. म्हणून हरभऱ्याएवढ्या गुळगुळीत गाठीला लगेच सुई लावत नाहीत. ताई, तुमच्या त्या डॉक्टरांनी सहा महिने सांगितले ते चुकीचं नव्हतं. ६ ते ८ मिमीच्या एकट्या भरीव गाठीला ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी, हा जगभर वापरला जाणारा फ्लाइशनर सोसायटीचा २०१७ चा नियम. त्यांनी ते समजावून सांगायला हवं होतं. आणि बाबा कुठं कामाला होते, हे विचारायलाच हवं होतं.

गणितवेडा_अथणी

एआयबद्दल मी लिहितो, पुण्यात माझं कामच हे आहे.

कॉम्प्युटरला शिकवायला हजारो सीटी लागतात. शिकवण्यासाठी सगळीकडे वापरला जाणारा एक संच अमेरिकेतला आहे, १०१८ सीटींचा. त्यात चार-चार रेडिओलॉजिस्टनी गाठी खुणावल्यात आणि ही कॅन्सरची वाटते का, याला एक ते पाच असे गुण दिलेत. नीट वाचा, वाटते का. बहुतेक गाठींचा तुकडा काढून खात्री केलेली नाही. म्हणजे त्यावर शिकलेलं मशीन डॉक्टरांचं मत शिकतं. मी स्वतः त्यावर काम केलंय. चार डॉक्टरांचे गुण किती वेळा जुळत नाहीत हे बघितल्यापासून मी नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवत नाही.

दुसरा साठा जास्त भक्कम. अमेरिकेतल्या एनएलएसटी चाचणीत ५३,४५४ लोक होते, सगळे ५५ ते ७४ वयाचे आणि भरपूर सिगारेट ओढलेले. त्यांना पुढं काय झालं याची नोंद आहे. त्या चाचणीतून कळलं की नियमित सीटी काढल्यानं फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात. आणि हेही कळलं की सीटीत संशयास्पद ठरलेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून जास्त लोकांना कॅन्सर नव्हता. २०१९ मध्ये गूगलनं आणि २०२३ मध्ये एमआयटीच्या लोकांनी याच साठ्यावर मॉडेल शिकवली. कामं चांगली आहेत, मला आदर आहे. पण त्या साठ्यात टीबीचे डाग घेऊन जगणारी आपली माणसं किती असणार? ज्या मशीननं फेटलिंगवाल्याची छाती कधी पाहिली नाही, ते ताईंच्या बाबांबद्दल ठाम कसं बोलेल? गाठ नजरेतून सुटू नये म्हणून, दोन सीटींतली नेमकी वाढ मोजायला म्हणून ही यंत्रं खुशाल वापरावीत. निकाल मात्र त्यांच्यावर सोडू नये, निदान आपल्याकडच्या हजारो सीटी त्यांना दाखवून होईपर्यंत तरी.

विणकरगल्ली_शहापूर

सापडली!!

मे २०२१ मध्ये बाबांना कोरोना झाला होता, तेव्हा एचआरसीटी काढला होता. आईनं ते पाकीट माळ्यावर गणपतीच्या मखराच्या पेटीखाली ठेवलं होतं. चार पावसाळ्यांच्या ओलीनं फिल्मा एकमेकींना चिकटून बसल्यात, सोडवायला गेलं तर चित्र निघून येतंय. पण आत सीडी होती. आता लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, शेवटी खडेबाजारातल्या एका झेरॉक्सवाल्याकडं जुना कॉम्प्युटर मिळाला. सीडी दोनदा अडकली. तिसऱ्यांदा चालली. त्यांनी पेन ड्राइव्हवर उतरवून दिली, पैसे घेतले नाहीत.

जुना रिपोर्ट वाचला. कोरोनाचा स्कोअर २५ पैकी ९, बाकी गाठीचं नावही नाही. म्हणजे तेव्हा नव्हती का हो? माझे हातपाय गार पडलेत.

क्षकिरण

ताई, थांबा. मे २०२१ मध्ये आम्ही दिवसाला किती सीटी वाचत होतो ते आम्हालाच ठाऊक. स्कोअर लिहायचा आणि पुढचा उचलायचा. रिपोर्टात नाही म्हणजे फुफ्फुसात नव्हती असं होत नाही. दोन्ही सीटी घेऊन उद्याच जवळच्या रेडिओलॉजिस्टकडं जा, शेजारी लावून मोजायला सांगा. आणि बाबांचं कामही सांगा, ३१ वर्षं फेटलिंग, हे शब्द वापरून सांगा.

विणकरगल्ली_शहापूर

आत्ता घरी आलो.

गाठ २०२१ मध्ये होती. तिथंच. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं एका पडद्यावर लावली आणि बाबांना खुर्ची पुढं ओढायला सांगितली. तेव्हाची ७.५, आत्ताची ७.८. म्हणाले, हा मोजण्यातलाच फरक, वाढ नाही. कोरोनाच्या पांढऱ्या ढगात तेव्हा ती झाकली गेली होती.

मग त्यांनी बाबांना आणखी काहीतरी दाखवलं. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात राजगिऱ्यासारखे बारीक ठिपके, दोन्ही सीटींत. कन्नडमध्ये विचारलं, "धूळ किती वर्षं खाल्ली?" बाबांनी बोटं दाखवली, तीनदा दहा आणि एक. सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, संशय लिहून दिलाय. छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची तपासणी आणि सीबीनॅट सांगितलीय, आणि गाठीसाठी एक वर्षानं कमी रेडिएशनचा सीटी.

रस्त्यात बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "कॅन्सर न्हाय म्हणत्यात. वाळू हाय आत."

गणितवेडा_अथणी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. हिशेब करून बघितला. ४०० दिवसांत दुप्पट होणारी, म्हणजे सावकाश वाढणारी कॅन्सरची गाठ असती, तरी २०२१ ची साडेसात मिमी आज सतराच्या आसपास असती.

निपाणकर

देव पावला. ताई, सिलिकोसिसचा कागद नीट जपून ठेवा. कायद्यानं सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत हा आजार आहे, डॉक्टरांनी तो कळवायचा असतो. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, बाबांचं नाव होतं का ते बघा. आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं होतं. त्यावरून दोन राज्यांत वाद झाला, त्यामुळं कुठल्याही दवाखान्यात जाण्याआधी आपलं कार्ड तिथं चालतं का ते फोन करून विचारा. आम्ही न विचारता गेलो आणि दिवस फुकट गेला.

विणकरगल्ली_शहापूर

ईएसआयचं कार्ड सापडलंय, उद्या जाते. दोन्ही सीटी आता तीन ठिकाणी ठेवल्यात आणि पाकिटावर तारखा मार्करनं लिहिल्यात.

आणखी एक. बाबांनी कुणाला तरी फोन केला असणार. आज संध्याकाळी शेकआउटवरचे त्यांचे तीन जुने सोबती घरी आले. तिघांच्याही काखेत एक्स-रेची पाकिटं. एकाचं २००९ चं आहे, कोपरे उंदरांनी खाल्लेत. आई चहा करतेय, आणि बाबा ते फोटो एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरून बघताहेत. क्षकिरण मॅडम, कुणाला दाखवायचे हे?

क्षकिरण

आधी तिथल्याच छातीच्या डॉक्टरांना, चौघांनी एकत्र जाऊन. मलाही पाठवा, नावं झाकून. किंवा रविवारी मिरजेच्या गाडीत बसा सगळे, मी घरीच आहे. २००९ चं पाकीट विसरू नका.